मदत हवी आहे: पळताना नडगी दुखतेय, नवे शूज घेऊ का? (वडोदरा)

मांजलपूरकर
लवकर उत्तर हवंय. चार-पाच दिवसांपासून पळताना उजव्या पायाची नडगी आतल्या बाजूने दुखतेय. पहिल्या किलोमीटरला ठणका लागतो, मग जरा कमी होतो, घरी येऊन पायऱ्या चढताना पुन्हा सुरू. वेगही गेलाय. सप्टेंबरमध्ये कमाटीबागेत ५ किमी ६:२० च्या पेसने (किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद) बोलत बोलत व्हायचे, आता ७:३० नेसुद्धा धाप लागते. परवा एक्स-रे काढला, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले आराम करा. पण आराम करून हाफ मॅरेथॉन कशी पळणार? जानेवारीत २१.१ किमी पळायचेच आहेत, पैसे भरून झालेत. शूज ११ महिन्यांचे आहेत. जाड सोलचे नवे घ्यावेत की नाही, एवढंच सांगा. दसऱ्याच्या आत दुकानात जायचंय.

चाकावरचा
ताई, पळणं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि सायकल काढा. मला ४१ व्या वर्षी हाच त्रास झाला होता. तेव्हापासून पहाटे सेवासीवरून सिंधरोटला जातो, महीच्या काठावर चहा घेतो आणि परत येतो. हृदयाला व्यायाम तोच, नडगीला दणका शून्य. पाऊस गेल्यावर आणि थंडी पडायच्या आधीचे हे दिवस सायकलला फार चांगले असतात. पावसात चेन गंजली असेल तर आधी रॉकेलने धुऊन, कोरडी पुसून मग तेल घाला. ओल्या चेनवर तेल घातलं की वाळू चिकटून बसते आणि दात झिजतात.

अनवाणी
जाड सोल अजिबात घेऊ नका. दुखण्याचं मूळ तिथेच आहे. गादीवर पळून पळून पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू झोपून जातात. मी तीन वर्षं अनवाणी पळतोय, नडगीचं नावही नाही. गवतावर १० मिनिटांपासून सुरू करा.

चाकावरचा
@अनवाणी, दुखऱ्या पायाला अनवाणी पळायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. तुम्हाला तीन वर्षं लागली, त्यांच्याकडे तीन महिने आहेत.

अनवाणी
मी उद्यापासून ५ किमी अनवाणी पळा असं म्हटलेलं नाही. १० मिनिटं म्हटलंय. तुम्ही तर पळणंच सोडायला सांगताय, आणि त्यांनी विचारलंय पळण्याबद्दल.

कोथरूडहून
माहिती फारच अपुरी आहे. वय? आठवड्याचे किलोमीटर? पृष्ठभाग कोणता, डांबर, सिमेंट की माती? अंतर अचानक वाढवलंय का? याआधी असं झालं होतं का? आणि धाप लागण्याबद्दल म्हणाल तर ऑक्टोबरच्या उन्हाला कमी लेखू नका. पाऊस गेला तरी हवेत दमटपणा असतो, त्यात तुमच्याकडे दुपारी ३५ अंश. लघवीचा रंग बघा, गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. साध्या पाण्याबरोबर थोडं मीठही हवं.

मांजलपूरकर
वय ३४. आठवड्याला २५ किमी. या आठवड्यात तर जेमतेम १२ झालेत, म्हणजे जास्त पळून दुखतंय असं नाहीच. घड्याळसुद्धा सांगतंय की लोड (शरीरावरचा व्यायामाचा ताण) कमी झालाय. अंतर वाढवलेलं नाही. बागेतल्या रस्त्यावर पळते, कधी पोलो ग्राउंडला. पाणी भरपूर पिते. याआधी काही झालं नव्हतं. आता सांगा, शूज घेऊ की नको?

फिजिओ वडोदरा
शूजचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी करून कळवा.
नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली दाबत न्या. दुखरी जागा पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पसरलेली आहे, की रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच ठिकाणी बोट ठेवलं की जीव जातो?
त्या एका पायावर जागच्या जागी उडी मारता येते का?
रात्री अंथरुणात, पाय हलवला नाही तरी दुखतं का?
पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा हाडाच्या आवरणाचं असतं, त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. एकाच बिंदूवर असेल, उडी मारवत नसेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तुमचा एक्स-रे दुखणं सुरू झाल्यावर चार दिवसांतला आहे. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. त्यामुळे "नॉर्मल आहे" या शब्दावर निर्धास्त राहू नका.

जुना खेळाडू
कमाटीबागेचं नाव वाचून राहवलं नाही. बाग १८७९ ची, सयाजीराव महाराजांनी केलेली. लहानपणी वडिलांबरोबर पहाटे तिथे जायचो, झाडांखालून जाताना थंडावा कसा लागायचा ते अजून आठवतं. अंधारात विश्वामित्रीच्या काठाला जाऊ नका, पाऊस संपल्यावरही मगरी काठावर येतात. उजाडल्यावरच पळा. सध्या सूर्योदय साडेसहाच्या सुमारास आहे.

रावपुऱ्याची काकू
अगं पोरी, आज सातवी माळ. तुझ्याकडे घट बसलेत का? उपास धरलायस का तू? आणि रात्री गरब्याला जातेस का? शूजचं एवढं सांगितलंस, पण हे कुठेच नाही.

मांजलपूरकर
काकू, हो, घट आहेत. नऊ दिवसांचे उपास दरवर्षी करते, लग्नाआधीपासून. आणि गरबा तर सगळेच खेळतात ना, त्यात सांगण्यासारखं काय? सोसायटीच्या चौकात असतो, नऊ ते बारा.

फिजिओ वडोदरा
चौकात खाली काय आहे? पायात काय असतं? रोज जाता का? आणि सकाळी किती वाजता उठता?

मांजलपूरकर
खाली पेव्हर ब्लॉक, त्यावर पातळ जाजम. अनवाणीच खेळतो, माताजीसमोर चपला कोण घालतं? रोज जाते. झोपायला साडेबारा-एक होतात, पावणेसहाला उठते.

कोथरूडहून
मग घड्याळात लोड कमी कसा दिसतो? तीन तासांचे हजारो पावलं कुठे गेली?

मांजलपूरकर
चनियाचोळीवर घड्याळ घालत नाही. हातात कडी आणि काचेच्या बांगड्या असतात, घड्याळ ड्रेसिंग टेबलवर काढून ठेवते.

हे टाइप करताना माझ्याच लक्षात आलं. सहा रात्री, प्रत्येकी तीन तास. घड्याळाला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या हिशोबाने मी संध्याकाळी सातनंतर आडवीच आहे.

फिजिओ वडोदरा
मग उत्तर बरंचसं सापडलं. सहा दिवसांत १८ तास कडक जमिनीवर, पायात काही नसताना, उड्या आणि गिरक्या. वर्षभर शूजमध्ये असणाऱ्या पायाला ही सवय नसते. आठवड्याला २५ किमी पळणाऱ्या कुणी अचानक रोज तीन तास दोरीच्या उड्या मारल्या तर नडगी दुखणारच. त्यात पाच तासांची झोप आणि उपास. हाडाची आणि स्नायूंची डागडुजी झोपेत होते, आणि तीच कमी पडतेय. ११ महिन्यांचे शूज बदलायला हरकत नाही, पण दुखणं त्यांच्यामुळे आलेलं नाही. नव्या शूजमुळे ते जाणारही नाही.

अनवाणी
मान्य करतो, सिमेंटच्या ब्लॉकवर तीन तास अनवाणी हे मीही कधी केलेलं नाही. मी गवत म्हणालो होतो. माझा सल्ला त्यांच्या परिस्थितीला लागू नाही, मागे घेतो.

बे ताळी
मी १५ वर्षं गरबा शिकवते, म्हणून लिहिते. गोल एकाच दिशेने फिरतो. त्रण ताळीत (तीन टाळ्यांच्या गरब्यात) पुढे झेपावून ज्या पायावर उतरतो तो बहुतेकदा तोच असतो. तुमचा उजवाच पाय दुखतो याचं मला आश्चर्य वाटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी टाच आपटू नका, चवड्यावर हलकं उतरा आणि गुडघा वाकवा असं रोज सांगते. हिंच (गरब्याचाच एक प्रकार) घेतानाही शरीर खाली बसतं, आपटत नाही.

चाकावरचा
गरबा सोडा, सायकल धरा. आरोग्य आधी.

बे ताळी
दादा, वर्षात नऊ रात्री येतात. सायकल उरलेल्या ३५६ दिवशी चालवता येईल. सोडा म्हणणं सोपं आहे, पण चौकात सगळी सोसायटी फिरत असताना खुर्चीवर बसणं किती जड जातं ते खेळणाऱ्यालाच कळतं.

चाकावरचा
मला कुणाचा आनंद काढून घ्यायचा नाही. तीन आठवड्यांच्या जागी तीन महिने बसावं लागलं तर काय, एवढंच मला म्हणायचंय. मी ते भोगलंय.

रावपुऱ्याची काकू
उपासाचं बोला. काय खातेस दिवसभर?

मांजलपूरकर
सकाळी पळून आल्यावर चहा. दुपारी साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी केळं, कधी फराळी चेवडा. गरब्यानंतर भूकच नसते.

रावपुऱ्याची काकू
हा उपास नाही, ही उपासमार आहे. माझ्या सासूबाई नऊ दिवस करायच्या आणि शेतातलं कामही करायच्या, पण खायच्या कशा? सकाळी दूध आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. दुपारी भगर आणि दाण्याची दाट आमटी, बरोबर वाटीभर दही. चार वाजता उकडलेलं रताळं. रात्री शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ आणि ताक. देवीने कुठे सांगितलंय की साबुदाण्यावरच राहा? साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. दाणे, दूध, दही, राजगिरा यांत अंगाला लागणारं असतं. उपास मोडायची गरज नाही, नीट कर.

फिजिओ वडोदरा
काकूंनी जे सांगितलं ते मी लिहून ठेवतोय. खर्च जास्त आणि खाणं कमी असं बराच काळ चाललं तर हाडं, पाळी, झोप सगळ्यावर परिणाम होतो. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. एका आठवड्याच्या उपासाने ती येत नाही, घाबरू नका. पण धाप आणि गेलेला वेग यामागे हे कमी खाणं असू शकतं. नवरात्रानंतरही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

नवा सायकलवाला
हाच विषय आहे म्हणून विचारतो. या रविवारी पहिल्यांदा पावागढला सायकलने जायचा विचार आहे, साधारण ५० किमी. पंक्चरसाठी काय न्यावं?

चाकावरचा
नवरात्रात नका जाऊ. हालोलच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्या भक्तांची रांग असते, रात्रभर चालून आलेले लोक असतात, गाड्याही फार. कोजागिरीनंतर जा. एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप घ्या. आणि घरी दोनदा ट्यूब बदलून बघा, रस्त्यात पहिल्यांदा शिकू नका.

मांजलपूरकर
अंगठ्याने दाबून पाहिलं. घोट्याच्या वर चार बोटांवर सुरू होऊन वर साधारण चार बोटं लांब दुखतंय, एका बिंदूवर नाही. उजव्या पायावर दहा उड्या मारता आल्या, दुखलं पण मारता आल्या. रात्री निजल्यावर दुखत नाही.

फिजिओ वडोदरा
बरं झालं, म्हणजे सध्या शिन स्प्लिंटकडेच कल आहे. तरी प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा, धाग्यावर पाय तपासता येत नाही. दोन आठवडे पळणं बंद. त्या वेळात सायकल चालवा. चाकावरचा यांचं म्हणणं इथे अगदी योग्य आहे. हलका गियर, मिनिटाला ८० ते ९० फेरे, ३० ते ४० मिनिटं. सीट फार खाली नको, पेडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. रोज टाचा उचलण्याचा व्यायाम, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन आणि गुडघा वाकवून १५ चे तीन. चालताना अजिबात दुखेनासं झालं की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं २० मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे. जानेवारीला अजून वेळ आहे.
गरब्याचं तुम्ही ठरवा. मी असतो तर उरलेल्या दोन रात्री आरतीपुरता गेलो असतो.

कोथरूडहून
आणि पळायला लागलात की गरब्याचे तास वहीत लिहा. घड्याळ नसलं तरी वहीत मावतात.

मांजलपूरकर
दसऱ्यानंतर लिहितेय. आठव्या माळेला गेले, एक आवर्तन खेळून बाहेर आले. नवव्या माळेला फक्त आरती. आता रोज दूध, राजगिऱ्याचे लाडू आणि साडेनऊला झोप. सायकल भावाची आणली, सीट वर केली, काल सिंधरोटपर्यंत गेले. महीवरून वारा येत होता, तास कसा गेला कळलं नाही. शूज घेतले नाहीत.

चाकावरचा
सिंधरोटला गेलात! पुढच्या रविवारी आम्ही चौघं पावणेसातला सेवासी चौकातून निघतो. या. पुढचा आणि मागचा दिवा लावून या, सकाळी धुकं असतं.

बे ताळी
शरद पुनमचा (कोजागिरीचा) गरबा राहिलाय. त्या रात्री काय करणार?

मांजलपूरकर
शरद पुनमची रात्र होऊन गेली, आत्ता घरी येऊन लिहितेय. आटवलेलं दूध घेऊन चौकाच्या कट्ट्यावर बसले होते. तुम्ही लिहिलंत तसं जड गेलं. पण बसल्यामुळे पहिल्यांदाच सगळ्यांचे पाय दिसले. टाचा आपटतात ते ऐकूही येतं. माझी मैत्रीण तिसऱ्या टाळीला उजव्या पायावर उतरली की दरवेळी खांदा एका बाजूला झुकत होता. मध्यंतरात तिला बोलावून नडगीवर अंगठा फिरवला, तर हात झटकलाच तिने. तीही जानेवारीत माझ्याबरोबर पळणार आहे. तिला हा धागा पाठवलाय, उद्या ती उडी मारून बघेल आणि इथेच लिहील.