बेळगाव ते गुरगाव, गाडीने: एक मुधोळ, दोन मांजरं आणि मे महिना

टिळकवाडी_सात:
बदली झाली आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरगावला हजर व्हायचं आहे. सामान ट्रकने जाईल. आम्ही दोघं आणि जनावरं आमच्याच सात सीटर गाडीतून, म्हणजे केए २२ पासिंग. जनावरं अशी: मुधोळ जातीचा कुत्रा, नर, वय साडेतीन वर्षं, वजन २४ किलो, एक बोका, एक मांजरी, दोघांचीही नसबंदी झालेली. शिवाय सासूबाईंचा राघू, पिंजऱ्यातला.
कुठले दाखले लागतात? कोगनोळी टोलला किंवा पुढच्या राज्यांत कोणी अडवतं का? बोका गाडी सुरू झाली की लाळ गाळतो आणि ओरडत सुटतो. सगळ्यांना झोपेची गोळी देऊन दोन दिवसांत पोचावं असा विचार आहे. जमेल का?

चिकोडीचे_पशुवैद्य:
कागदांचं आधी, कारण ते सोपं आहे. घरचं कुत्रं-मांजर राज्याबाहेर न्यायला वेगळा परवाना लागत नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार पशुवैद्याचा आरोग्य दाखला हवा: प्रवासाला योग्य आहे, रेबीजसह कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, असा. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी घ्या. प्रत्येक जनावराचा वेगळा, रंग-वय-लिंग लिहिलेला आणि इंग्रजीत मागून घ्या. सरकारी दवाखान्याचा छापील नमुना कन्नडमध्ये असला, तर ग्वाल्हेरच्या हॉटेलवाल्याला तो वाचता येणार नाही. रेबीजच्या लसीची तारीख आजच बघा. लस पहिल्यांदाच टोचत असाल, तर २१ दिवस झाल्यावरच ती लागू धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

आता गोळीचं. सगळ्यांना झोपवून न्यायचा बेत सोडा. जुन्या पद्धतीची एसेप्रोमाझिन दिली की जनावर गप्प दिसतं, पण भीती तशीच राहते, रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. मेच्या उन्हात हे तिन्ही एकत्र नकोत. मुधोळसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी. थायोपेंटलसारखी भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. वाटेत कुठल्याही डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हे आधी सांगा.

बोक्याचं वेगळं. लाळ गळते ती मळमळीमुळे, ओरडतो तो भीतीने. मळमळीवर मॅरोपिटंट, भीतीवर गॅबापेंटिन. एका मांजराला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, निघण्याआधी दोन-तीन तास. नेमका डोस तुमचे डॉक्टर वजन बघून ठरवतील. निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा घरी देऊन बघायचं, म्हणजे किती डुलतो ते कळतं. कॅप्सूलच घ्या, माणसांचं सिरप नको. काही सिरपमध्ये झायलिटॉल, म्हणजे गोडीसाठी घातलेला, कुत्र्याला विषारी पदार्थ असतो आणि त्याच गाडीत कुत्रं आहे.

गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर लावायचे जे थेंब मिळतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. ते मांजराला जीवघेणं आहे, आणि बंद गाडीत अंगाला अंग लागतंच. त्यापेक्षा फ्लुरालानरसारखी तोंडाने द्यायची गोळी बरी. पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा मांजराला देऊ नका.

हायवे_फोर:
दोन दिवस? साधारण १,८०० किलोमीटर आहे दादा. मे महिन्यात जनावरं घेऊन पाच दिवस धरा आणि रोज पहाटे चारला निघा. अकरा-बाराला गाडी सावलीत आणि तुम्ही खोलीत. शिवपुरी-ग्वाल्हेर पट्ट्यात दुपारी ४४-४५ डिग्री सहज असतं.

माझ्या मते रस्ता असा: पहिला दिवस बेळगाव-पुणे, ३४० च्या आसपास. दुसरा पुणे-नाशिक-धुळे, ३६५. तिसरा सेंधव्यावरून इंदूर-देवास, ३०० च्या आत. चौथा देवास-गुना-शिवपुरी-ग्वाल्हेर, साडेचारशे. हाच लांब, तेव्हा त्या दिवशी तीनला निघा. पाचवा आग्र्यावरून गुरगाव. सुरत-उदयपूर-जयपूरवरूनही जाता येतं, पण त्यात मुंबईच्या बाजूची गर्दी. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत एसीचा जोर कमी होतो, जनावरांना ते लगेच जाणवतं.

उलटीच्या जागा ठरलेल्या: तवंदीचा घाट, खंबाटकी, आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश हद्दीवरचा बिजासन. तवंदी निघाल्यावर तासाभरातच लागतो, म्हणून बोक्याला आदल्या रात्रीनंतर खायला नको. कागल ते सातारा सहापदरीच्या कामाने जिथे वळणं आणि सर्व्हिस रोड आहेत, तिथे चाळीसच्या वर जाऊ नका, पेट्या आपटतात.

टोलवर जनावरांचं कोणी विचारत नाही. गाडीचं मात्र बघा. बारा महिन्यांपेक्षा जास्त तिकडे ठेवणार असाल तर आरटीओकडून ना हरकत दाखला (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, इथूनच काढून ठेवा. तिकडून काढायचं तर परत यावं लागू शकतं.

खानापूरची_मनी:
मांजरांच्या बाबतीत खरा धोका पळून जाण्याचा. नुसती टोपली, पोतं, चेनवाली बॅग नको. कडक प्लास्टिकची पेटी, वरूनही उघडणारी, प्रत्येकाला वेगळी. दोघं घरी गळ्यात गळा घालून झोपत असली तरी घाबरल्यावर एकमेकांना ओरबाडतात. पेटी आजच घरात उघडी टाका, रोजचं खाणं त्यातच द्या. निघेपर्यंत ती त्यांची जागा व्हायला हवी. पेटी ठेवायची पुढच्या सीटमागे पायाशी, तिथे ती ब्रेकला सरकत नाही. वर सुती चादर, पण जाळीची एक बाजू उघडी. तिथे एसीची हवा पोचते का ते थर्मामीटर ठेवून आधी बघा.

चालत्या गाडीत पेटी उघडायची नाही, कितीही ओरडला तरी. मांजर दहा-बारा तास लघवी न करता राहतं, त्याची काळजी नको. खोलीत पोचल्यावर घरची वापरलेली माती ओंजळभर नव्या ट्रेमध्ये टाका, वासाने लगेच कळतं. मात्र बोक्याने २४ तासांत लघवी केली नाही, किंवा ट्रेमध्ये बसून नुसता कण्हतो असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. मूत्रमार्ग तुंबला तर दोन दिवसही हातात नसतात.

हॉटेलची खोली: पेट्या उघडण्याआधी बाथरूमची खिडकी, एसीच्या पाइपचं भोक आणि पलंगाखालची फट बघा. बॉक्स पलंगाच्या आत शिरलेलं मांजर पहाटे तीनला बाहेर निघत नाही, हे लिहून ठेवा. फटीला बॅगा आणि उशा लावा. बुकिंग करताना "पेट चालेल" हे मेसेजवर लिहून घ्या, फोनवरचं तोंडी बोलणं रिसेप्शनची शिफ्ट बदलली की संपलं.

टिळकवाडी_सात:
आभार. पाच दिवस धरतो. मुधोळला कुठे बसवू? मागच्या डिकीत मोकळा सोडला तर? आणि राघूचं कोणी बोललं नाही.

गोकाक_फॉल्स:
डिकीत मोकळा नको. मधल्या सीटवर, छातीच्या हार्नेसला पट्टा आणि तो सीटबेल्टच्या खाचेत. गळपट्ट्याला कधीच नाही, ब्रेक लागला की मान जाते. पायाशी मांजरांच्या पेट्या आहेतच, त्यावर जाड गादी टाकून सपाट करा. पेट्यांची जाळीची बाजू झाकू नका.

मुधोळची मान डोक्याएवढीच जाड. मागे सरकला की साधा पट्टा डोक्यावरून निघतो, आणि हायवेवर ससा-कुत्रं दिसलं की तो हाकेला थांबत नाही. म्हणून ओढला की आवळणारा मार्टिंगेल पट्टा एक आणि हार्नेस एक, दोघांना वेगळी दोरी. आधी दोरी हातात, मग दार. चाइल्ड लॉक लावा, काचेचं बटण ड्रायव्हरने बंद ठेवावं. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू मोबाइल नंबर, बेळगावचा लँडलाइन नको.

पाणी: नियमात उन्हाळ्यात दर चार तासांनी आहे, तुम्ही दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. २४ किलोला दिवसाला सव्वा ते दीड लिटर, उन्हात जास्त. घरचं दहा लिटर बरोबर घ्या आणि नवं पाणी त्यात निम्मं मिसळत जा, एकदम बदललं की हगवण. खाणं मुक्कामी पोचल्यावर. धाब्यावरची डाळ-ग्रेव्ही नको, कांदा-लसूण दोन्ही कुत्र्याला बाधतात. उकडलेलं चिकन डब्यात दुपारपर्यंत टिकत नाही. कोरडं खाद्य किंवा मुक्कामी केलेला दहीभात बरा.

दोघांनी एकदम जेवायला उतरायचं नाही. बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा डिग्रीने तापते, काच बोटभर खाली असली तरी. एकजण एसी चालू ठेवून आत. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणं दिसलं तर तापमान बघा. ३८.३ ते ३९.२ सेल्सियस ठीक, ४०.५ च्या वर गेलं तर पोट, मांड्या आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून एसीसमोर धरा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. ३९.५ ला आलं की भिजवणं थांबवा आणि बरा दिसला तरी दवाखाना गाठा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर त्याच्यासाठीही हेच.

चिकोडीचे_पशुवैद्य:
वरचं सगळं बरोबर. राघूचं स्पष्टच सांगतो. हिरवा, गळ्याभोवती कंठ असलेला देशी पोपट असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो पाळणंच गुन्हा आहे, नेणं तर दूरच. त्याचा आरोग्य दाखला कोणी देणार नाही, आणि सहा राज्यांतून पिंजरा काचेतून दिसत जाणार. उघडून सोडूही नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी घारीच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातो. बेळगावच्या वन खात्याशी स्वतःहून बोला. सासूबाईंना मनवायचं काम तुमचं, त्यावर आमच्याकडे औषध नाही.

गुरगावला पोचल्यावर मांजरांना पहिले चार-पाच दिवस एकाच खोलीत ठेवा आणि तीन आठवडे घराबाहेर नाही. कुत्र्याची नोंदणी तिथल्या महापालिकेत करायची आहे, त्यासाठी लसीचं पुस्तक हाताशी ठेवा. थंडी तिकडे आपल्यापेक्षा बरीच जास्त, आणि मुधोळच्या अंगावर केस नावालाच. दिवाळीच्या आधी त्याला जाड कपडा शिवून घ्या. तयार कोट छातीला आवळतात नि पोटाला सैल पडतात, त्यामुळे माप शिंप्याला देऊनच.