हिवाळ्यात मुलांना निसर्ग कसा दाखवावा?

प्रश्न: मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. थंडी पडली की झाडे ओकीबोकी होतात, किडे-फुलपाखरे दिसेनाशी होतात. अशा वेळी मुलांना वर्गाबाहेर नेऊन दाखवायचे तरी काय? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: पानगळ झालेले झाडच आधी दाखवावे. डहाळीवर भिंग धरले, की पान गळले तिथे एक वण दिसतो, त्यात पानाला पाणी पुरवणाऱ्या व पानातून अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांचे बारीक ठिपके असतात आणि वणाच्या लगेच वर पुढच्या बहराची कळी मिटून बसलेली असते. प्रत्येक मुलाने आपल्या डहाळीला रंगीत दोरा बांधून कळी उमलेपर्यंत दर आठवड्याला तिचे चित्र काढावे. मला हा उपक्रम सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर २: जोडीला सावली मोजावी. एक मीटरची काठी उभी रोवून माध्यान्हीची सावली आठवड्यातून एकदा नोंदवली, तर उत्तर गोलार्धात ती २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब भरते, आणि ऋतूंचा सूर्याशी असलेला संबंध मुलांना पाठ न करता उमगतो. बर्फ पडत असल्यास गार केलेल्या काळ्या कापडावर हिमकण झेलून त्यांच्या सहा बाजू पाहाव्यात.

उत्तर ३: एक कळकळीची विनंती. पालापाचोळ्याखाली आणि दगडांखाली अनेक कीटक हिवाळा काढतात, म्हणून उचललेला दगड हलकेच जागच्या जागी ठेवायला मुलांना शिकवावे. मुले फार वेळ एका जागी उभी राहिली की गारठतात. निरीक्षणाच्या मध्ये थोडी धावपळ हवीच.