मदत हवी आहे : वादविवाद स्पर्धेतील भाषणावरून आलेल्या नोटिशीला उत्तर

तृतीयवर्ष_सोलापूर :
आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाचा मी विद्यार्थी प्रतिनिधी असून ‘द्वेषपूर्ण भाषणास व्यासपीठ उपलब्ध करून दिले’ अशा आरोपाची कारणे दाखवा नोटीस मला मिळाली आहे. उत्तराची मुदत सोमवारपर्यंत आहे. राज्यघटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलेले असताना अशी नोटीस काढता येते का, एवढेच सांगावे. उपदेश नको.

शेंगाचटणी :
भाषण तुमचे होते की दुसऱ्या कोणाचे? विषय काय होता, शब्द कोणते होते, तक्रार कोणाची आहे? यातले काहीही न सांगता ‘एवढेच सांगावे’ म्हणता, हे नवलच आहे.

निवृत्त_मास्तर :
अनुच्छेद 19(1)(अ) स्वातंत्र्य देतो आणि 19(2) त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा कारणांसाठी वाजवी निर्बंध घालू देतो. 1930 च्या मे महिन्यात लष्करी कायदा सोसलेल्या आणि पुढच्या जानेवारीत चार हुतात्मे दिलेल्या या शहरातील विद्यार्थ्यांना एका नोटिशीची भीती वाटावी, याचे वाईट वाटते.

शेंगाचटणी :
मास्तर, हुतात्म्यांविषयी आदर आहेच, परंतु सोमवारी उत्तर या मुलाला द्यायचे आहे.

भाचा_अमेरिकेत :
अमेरिकेत 1969 च्या ब्रँडेनबर्ग खटल्यापासून, तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि ते घडण्याची शक्यता असल्याशिवाय चिथावणीच्या भाषणाला शिक्षा होत नाही. आपल्याकडेही तसेच असावे.

बार_रूम :
असावे की नसावे, हा निराळा धागा होईल. शिवाय तिथेही अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती शासनाला आणि सरकारी विद्यापीठांना बांधते, खासगी महाविद्यालयांना नाही. मूळ प्रश्नकर्त्याने तपशील द्यावा.

तृतीयवर्ष_सोलापूर :
भाषण माझे नव्हते. विषय आरक्षणाचा होता आणि विरोधी बाजूच्या वक्त्याने एका अनुसूचित जातीचे नाव घेऊन ‘यांना कितीही शिकवले तरी यांची लायकी तेवढीच’ असे विधान केले. त्याची वेळ शिल्लक असल्याने मी घंटा वाजवली नाही. परीक्षकांनी त्याला दुसरे पारितोषिक दिले, त्यांना मात्र नोटीस नाही! तक्रार सभागृहातील एका विद्यार्थिनीची आहे.

बार_रूम :
हे आधी सांगायला हवे होते. आरक्षणाच्या धोरणावर कितीही कडक टीका करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात चर्चा आणि एखाद्या मताचा पुरस्कार यांना संरक्षण देऊन चिथावणीपाशी रेघ ओढली. परंतु एखादी जात जन्मतःच नालायक आहे असे जाहीर सभेत म्हणणे हा धोरणावरचा युक्तिवाद नव्हे. भारतीय न्याय संहितेचे समाजगटांत वैर पसरवण्याबाबतचे कलम 196 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांचा विचार तिथून सुरू होतो. तो वक्त्यासाठी, तुमच्यापुरता प्रश्न शिस्तीचा आहे. उत्तरात तक्रारीची प्रत मागा, प्रत्यक्ष सुनावणी मागा आणि स्पर्धकांना आधी दिलेले नियम जोडा. मे 2025 मध्ये पुण्यातील एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून महाविद्यालयाने काढून टाकले, तेव्हा तिचे म्हणणे न ऐकताच काढलेल्या त्या आदेशाला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती.

निवृत्त_मास्तर :
मी असहमत आहे. व्यासपीठावर वाईट विचार आला तर त्याला तिथेच प्रत्युत्तर मिळावे, यासाठीच वादविवाद असतो; नोटिशींनी पुढच्या वर्षी स्पर्धाच बंद पडेल.

होटगी_रोड :
मास्तर, प्रत्युत्तर द्यायचे कोणी? आपल्या जातीचे नाव ऐकत प्रेक्षकांत बसलेल्या मुलीने, आणि तेही परीक्षक टाळ्या वाजवत असताना? मी स्वतः अशा सभागृहात बसलेलो आहे. तिथे तोंड उघडत नाही. धागाकर्त्याला एकच विचारतो, वक्त्यावर काय कारवाई झाली?

तृतीयवर्ष_सोलापूर :
काहीच नाही. तो दुसऱ्या महाविद्यालयाचा स्पर्धक आहे, म्हणूनच सगळे माझ्यावर आले.

बार_रूम :
मग तुमच्या प्राचार्यांनी त्याच्या महाविद्यालयाला कळवले का, हेही उत्तरात विचारा. आणि निर्णय विरुद्ध गेला तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यानंतर विद्यापीठाचे लोकपाल, असा मार्ग पाहा. स्पर्धेचे चित्रीकरण आहे का?

तृतीयवर्ष_सोलापूर :
आहे. मंडळाच्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण स्पर्धा आहे, ती वाहिनी मीच सांभाळतो.

होटगी_रोड :
म्हणजे ते विधान तुमच्या हाताखाली आजही जाहीरपणे चालू आहे?

बार_रूम :
चित्रफीत आत्ताच खासगी करा, परंतु पुसू नका. सुनावणीत तीच मागितली जाईल.