हॅलोविनचं घरगुती रीथ : केलं, फसलं, टिकलं

दारावर टांगायच्या या गोल सजावटीला मराठीत काय म्हणायचं इथूनच अडतं. पुष्पचक्र म्हटलं की बंदुकांची सलामी डोळ्यांसमोर येते, तेव्हा रीथच बरं. ३१ ऑक्टोबर जवळ आलाय. विकतचं नको, स्वतः केलेलंच लिहा. काय फसलं ते आधी.

सुरुवात माझ्यापासून. द्राक्षवेलीचं १८ इंची कडं, त्यावर काळा स्प्रे, रबरी वटवाघळं. स्प्रे मारताना गराजमध्ये खाली कागद घालायला विसरले. जमिनीवर काळं वर्तुळ अजून आहे. नवरा त्याला वारीतलं रिंगण म्हणतो.

* * *

मी न्यू जर्सीत. मागच्या अंगणात झाडाच्या खोडावर एक वेल चढलेली, ऑक्टोबरात पानं लालभडक. कडं विकत कशाला आणायचं, म्हणून दुपारभर ती ओढून काढली, पानं झडू नयेत म्हणून जपून वळवली, सुतळीने बांधली. वेलीला केसांसारखी दाट मुळं होती. मला ती भुताच्या दाढीसारखी वाटली, मुद्दाम ठेवली.

दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ, मग पाण्याचे फोड, एक डोळा सुजून बंद. पॉयझन आयव्ही! तीन-तीन पानांचा झुबका दिसला की हात लावायचा नाही, हे मला चाळिशीत कळलं. आईला व्हिडिओवर हात दाखवला तर म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतल्यासारखा दिसतोय!" अगदी बरोबर बोलली. आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा, सगळे एकाच कुळातले.

पानं गळली तरी वेलीत ते पुरळ उठवणारं तेल राहतं. आणि जाळायच्या फंदात पडू नका, धूरही बाधतो. मी रीथ पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं, कात्री अल्कोहोलने पुसली, हातमोजे फेकून दिले.

* * *

आमचं दार पश्चिमेला, त्याच्या बाहेर काचेचं दुसरं दार. दुपारी मधल्या जागेत भट्टी होते. ग्लू गनने चिकटवलेले कोळी संध्याकाळी सगळे उंबऱ्यावर. लेक म्हणाली, "आई, जिवंत झाले!" तेव्हापासून तारच.

* * *

सजावटीच्या रंगीत जाळीचं रीथ करून बघा, स्वस्त पडतं. तारेच्या १४ इंची चौकटीवर आधी पाइप क्लीनर (हस्तकलेच्या लवदार तारा) बांधून घ्यायचे. दहा इंच रुंद जाळीचे हातभर तुकडे कापायचे, मधोमध चुण्या घालून चिमटीत धरायचे, काळ्यावर नारिंगी आडवा ठेवून पाइप क्लीनरला दोन पीळ. साडीच्या निऱ्या येतात त्यांना शिकवावं लागत नाही. काठ मात्र भराभर उसवतात, तेव्हा एकदम सगळे कापून ठेवू नका.

आणि ते कापसासारखं कोळ्याचं जाळं बाहेर ताणून लावू नका, प्लीज. आमच्याकडे त्यात चिमणी अडकली होती. नखकात्रीने एकेक धागा कापून सोडवली.

* * *

मी रंगीत मक्याची कणसं लावली होती. खारीने दोन दिवसांत दाणे साफ केले. उरलेली बुरकुंडं हाडांसारखी दिसायला लागली, मग तशीच ठेवली.

* * *

भाड्याच्या घरात खिळा चालत नाही. रुंद रिबीन रीथमधून ओवायची, दाराच्या वरून आत घ्यायची, आतल्या बाजूला वरच्या कडेला दोन थंबटॅक. एवढंच.

* * *

२०२४ ला नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. सासूबाई डोंबिवलीहून आलेल्या. दारावर काळ्या पिसांचं रीथ बघून म्हणाल्या, "सणासुदीला दाराला काळं?" मी म्हटलं, "आई, आपल्या दाराला काळी बाहुली उलटी टांगलीय, ती काय गोरी आहे?" काही बोलल्या नाहीत. दुपारी बघते तर लिंबू आणि सात मिरच्या ओवून रीथच्या मधोमध लोंबकळतायत. वर झेंडूचं तोरण होतंच. संध्याकाळी मुलं कँडी घ्यायची सोडून मिरच्या खऱ्या आहेत का विचारत होती.

खाली ओवायला बिब्बा काही मिळाला नाही, म्हणून बार्बेक्यूचा कोळसा लावला. इकडे बिब्बा कुठे मिळतो, कोणाला माहीत आहे?

* * *

मी वरची न्यू जर्सीवाली. बिब्ब्याचं नाव काढू नका हो.