डोकं तुझं, पण उचलून खाली आणायचं कोणी? (गुलमर्गच्या पोस्टवरून)

तापीकाठचा
काल आपल्या जळगावच्या एकाने गुलमर्गचे स्कीइंगचे फोटो टाकले. खाली लिहिलं, "हेल्मेट घातलं नाही, डोकं माझं, जीव माझा, ज्याला भीती वाटते त्याने घरी बसून भरीत-भाकरी खावी." खाली सगळे वाघ वाघ करून राहिले, म्हणून लिहितोय. मी दर हिवाळ्यात जातो, तेव्हा स्कीइंगच्या विरोधात आहे असं कोणी म्हणू नका. बर्फ मऊ असतो हे आधी डोक्यातून काढा, सकाळी तो उतार गोठून फरशीइतका टणक झालेला असतो. नताशा रिचर्डसन नावाची नटी 2009 मध्ये कॅनडात शिकाऊ लोकांच्या उतारावर पडली, वेगबिग काही नाही, हेल्मेट नव्हतं. उठली, बोलली, डॉक्टर नको म्हणाली. आत रक्तस्राव चालू होता, दोन दिवसात गेली. आणि जीव तुझा एकट्याचा कसा रे? तू पडलास की स्लेजवर बांधून तुला खाली आणणारी तिथली पोरं त्याच उतारावर उतरतात. घरचे इकडून विमानाची तिकिटं शोधतात ते वेगळंच.

भो_जळगाव
काय बोलून राहिले भो. गाड्यांच्या शर्यतीवाला शूमाकर 2013 ला स्कीइंग करताना पडला, तेव्हा हेल्मेट घातलंच होतं ना? काय झालं मग, कोमात गेलाच ना? माणसाला अक्कल पाहिजे, वेग आवरता आला पाहिजे. उलट हेल्मेट चढवलं की पोरं जास्त माजतात, आता काही होत नाही म्हणून सरळ सुसाट. इटलीत आता सगळ्यांनाच सक्ती केली म्हणे. उद्या आपल्याकडे पोहायला पण हेल्मेट लावतील.

तापीकाठचा
शूमाकर आखलेल्या उतारांच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात गेला, डोकं दगडावर आपटलं. हेल्मेट नसतं तर तो दवाखान्यापर्यंत पोचलाच नसता असं तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. अर्धी गोष्ट सांगू नका. माजणाऱ्यांबद्दल म्हणाल तर ते टोपी घालून पण माजतात, मी रोज बघतो तिथे.

हाडांचा_माणूस
सगळे डोक्यावरच अडकलेत. माझ्याकडे स्कीइंगवाले येतात ते गुडघा घेऊन. दुकानात बूट-स्की भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतात, त्यावर बाईंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू किती घट्ट ठेवायचा ते ठरतं. पडल्यावर बूट स्कीतून सुटला पाहिजे. आपली पोरं मित्रांसमोर फुशारकी मारतात, "मला येतं चांगलं", तो बिचारा स्क्रू घट्ट करतो, मग पोरगं पडतं, स्की सुटत नाही, पाय तिकडे आणि गुडघा इकडे. लिगामेंट गेलं की वर्ष गेलं. तिथे खरं बोलणं हीच पहिली जबाबदारी.

धुळेकर_ताई
गुलमर्ग राहू द्या हो भाऊ, धुळे-जळगाव हायवेचं बोला! माझा लहान दीर पारोळ्याजवळ गाडीवरून पडून गेला. रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पण गाडीच्या आरशाला लटकवलेलं, पोलीस दिसले की घालायचं म्हणून. घरी आणून दिलं तेव्हा काचेवर ओरखडा पण नव्हता, आतलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी ते अजून माळ्यावर ठेवलंय, टाकू देत नाहीत. डोकं माझं म्हणणाऱ्याने एकदा येऊन त्यांच्याशी बोलावं.

भो_जळगाव
ताई, वाईट झालं, खरंच. पण मे महिन्यात जळगावला 45 डिग्रीत सिग्नलला हेल्मेट घालून उभं राहून दाखवा, चक्कर येते. आधी खड्डे बुजवा, डिव्हायडरला लाईट लावा. ते नाही, हजाराची पावती मात्र फाडतात, सगळी जबाबदारी आमच्याच टाळक्यावर!

धुळेकर_ताई
नुसती हजाराची पावती नाही, कायद्यात तीन महिने लायसन बाद करायची पण सोय आहे, ती कोणी वापरत नाही हेच रडगाणं आहे. आणि ऊन तुम्हालाच लागतं का? आम्ही बाया स्टोल, सनकोट, हातमोजे सगळं घालून चालवतो. खड्डा बुजेपर्यंत डोकं उघडं ठेवायचं हा कुठला हिशेब?

हाडांचा_माणूस
आणि घालायचं तर नीट घाला. रस्त्याकडेला मिळतं ते टोपडं नको, 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवाय विकायलाच बंदी आहे तरी ढिगाने विकतात. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट तुमच्या आधी उडतं.

सातपुडा_भटक्या
काय सांगी राहिनात तुम्ही सगळा! दिवाळीत आपल्या सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या यात्रेला हजारो आदिवासी रात्रीचे डोंगर चढतात, कोणाकडे गिअर असतं? डोंगर ओळखतात म्हणून सुखरूप येतात. तुमच्या शहरी लोकांना वाटतं सामान विकत घेतलं की सुरक्षा विकत मिळाली. 2023 ला गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीवाले गेले. तिथे हेल्मेट काय करणार होतं?

तापीकाठचा
भाऊ, अस्तंब्याला जाणाऱ्याच्या चार पिढ्या त्या वाटेने गेल्यात. जळगावचा पोरगा अफरवटला पहिल्यांदा बर्फ बघतो. त्याची बरोबरी कशाला लावता? गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याच्या वर, आखीव उताराबाहेर गेलात तर हेल्मेट पुरत नाही हे मान्यच आहे. तिथे बीकन (गाडला गेलेला कुठे आहे ते सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार लागतो, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचायची आशा, नंतर झपाट्याने कमी होते. मदत खालून येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. पण म्हणून डोकं उघडं ठेवायचं?

सातपुडा_भटक्या
उघडं ठेवा म्हटलंच नाही. ओळख आधी, सामान नंतर, एवढंच. जोडीदाराचं म्हणालात ते पटलं.

भो_जळगाव
सगळे मिळून माझ्यावरच तुटून पडा. बरं, बर्फावर घालीन, तिथे थंडी असते, कान तरी झाकतील. पण भर मे मध्ये बाजारात भाजी आणायला जाताना नाही घालणार, आताच सांगतो.

धुळेकर_ताई
भाऊ, माझा दीर पण दूधच आणायला निघाला होता.