मदत हवी आहे : .३२ ची काडतुसं आणि रिलोडिंग (वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं)

मंडळी, राही सरनोबतच्या कोल्हापुरात नेमबाजीच्या गप्पा बहुतेक .२२ इंची काडतुसांवरच थांबतात. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकाराला ७.६२ ते ९.६५ मिमी कॅलिबर (गोळीचा व्यास) चालतं, तरी त्यात बसणाऱ्या .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँगचं नाव कुणी काढत नाही. १८९६ पासूनचं हे काडतूस! धक्का कमी, बंदुकीची दारू थोडीच लागते, वॅडकटरनं (सपाट टोकाच्या गोळीनं) कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. शिवाय .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्येही ते चालतं. स्वतः काडतुसं भरणाऱ्याला आणखी काय हवं?

मला कायदेशीरच करायचंय. खेळाडूच्या परवान्यावर रिलोडिंगसाठी वेगळी परवानगी लागते का? अर्ज कलेक्टर ऑफिसलाच द्यायचा का? आणि पितळी केस साधारण किती वेळा भरता येते? कोल्हापूर-सांगलीत कुणी हे रीतसर केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.