प्लस्कार्डन मठाच्या चर्चवर पुन्हा छप्पर चढवलं, ते योग्य झालं का?

चुनेगच्ची: स्कॉटलंडमध्ये एल्गिनजवळ प्लस्कार्डनचा मठ आहे. राजा दुसरा अलेक्झांडर याने १२३० मध्ये स्थापलेला. १५६० च्या धर्मसुधारणेत स्कॉटलंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झाला, त्यानंतर मठ हळूहळू ओस पडला, छपरं गेली. १९४३ मध्ये ही भग्न वास्तू बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथातल्या संन्याशांना दान मिळाली आणि १९४८ मध्ये त्यांच्यातले पाच जण तिथे राहायला आले. मग मनोरा, मग चर्च, असं एकेक छप्पर चढत गेलं. आज तिथे रोज पहाटेपासून लॅटिन स्तोत्रं गायली जातात. मला हे शंभर टक्के योग्य वाटतं. जवळच्याच एल्गिन कॅथेड्रलच्या छपराचं शिसं १५६७ मध्ये उतरवलं, १७११ मध्ये मधला मनोरा कोसळला. अवशेष छान राखलेत, पण तिथे आता फक्त पर्यटक जातात.

जुनी_भिंत: असहमत. इंग्लंडचा कलाकार-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली ती अशाच उत्साहापासून जुन्या इमारती वाचवायला. जुन्या वास्तू जपण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मांडणारी व्हेनिसची १९६४ ची सनदही सांगते की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवा. तेराव्या शतकाच्या भिंतीवर विसाव्या शतकाचं छप्पर आणि नव्या रंगीत काचा आल्या, की मूळ काय होतं ते वाचणार कसं? संन्याशांसाठी शेजारी नवी इमारत बांधता आली असती.

चुनेगच्ची: उघड्या भिंतीचं काय होतं ते बघा. माथ्यावरून पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं, सांधे उकलतात. पुरावा म्हणताय तो असाच दरवर्षी थोडा थोडा झडतो.

मांडवीकाठ: आमच्या जुन्या गोव्यात दोन्ही गोष्टी एकाच टेकडीवर दिसतात. सेंट ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये बंद झाला, १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. पलीकडे सांता मोनिकाच्या मठात मात्र आजही ख्रिस्ती जोगिणी राहतात. गळती लागली की पहिल्या पावसातच कळतं, कारण खाली कुणीतरी राहतंय.

जुनी_भिंत: छप्पर मान्य, पाणी अडवायलाच हवं. पण सांध्यांत सिमेंट नको, चुनाच हवा. सिमेंटमध्ये ओल अडकते आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. आणि प्लस्कार्डनच्या चर्चचा लोकांनी उभं राहायचा लांब भाग आज नाही, तो कुणी बांधायला घेऊ नये. तिथे फक्त अंदाजच उरलाय.